पाठवणाऱ्याचं नाव

ह्यांची वाचा गेली त्याला दोन वर्षं झाली. त्याआधी चाळीस वर्षं ह्यांच्या बडबडीने माझे कान किटले होते. आता एक बोट तेवढं हलतं, म्हणून मुलाने पलंगावर लॅपटॉप आणि शेजारी प्रिंटर लावून दिला.

दुपारी माझा जरा डोळा लागला, की प्रिंटर घरघरे. कागदावर एकच शब्द असे : पाणी. मी कशीबशी उठून, ग्लासात स्ट्रॉ घालून ह्यांच्या ओठांजवळ ठेवी. थोड्या वेळाने ग्लास रिकामा असे.

"आई, ह्या प्रिंटरला दोन भाषा येतात," मुलगा म्हणाला. "जुन्या भाषेत तो कुणाचंही मुकाट ऐकतो. नवीत आधी नाव विचारतो आणि ते वर छापतो. जुनी बंद करतो."

"राहू दे रे. तुझे बाबा तेवढंच तर बोलतात."

"मग नाव सांगून बोलतील की!"

दोन दिवस प्रिंटर गप्प होता. मी सवयीने पाणी ठेवत राहिले.

तिसऱ्या दुपारी कागद आला. वर ह्यांचं नाव होतं. मला रडूच फुटलं. चष्मा पुसून खालची ओळ वाचली.

"पाणी मी मागत नव्हतो."

मी वळून पाहिलं. ह्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ग्लासातलं पाणी हळूहळू खाली चाललं होतं.