रिकाम्या खाटा

रक्ताच्या कॅन्सरचा वॉर्ड आजपासून बंद, हे सांगायला हॉस्पिटलचे संचालक स्वतः खाली आले. डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. एके काळी इथे दोन खाटांच्या मधे गाद्या टाकून पेशंट झोपवावे लागत. आता सलाइनच्या स्टँडवर सिस्टरांचे स्वेटर लटकत होते.

"मॅडम, तुम्ही आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतलात," संचालक म्हणाले. "उभी हयात संशोधनात घालवून ती गोळी शोधलीत. आता पेशंट घरी बसून चहा झाला की गोळी घेतात आणि कामाला जातात. इथे झोपायला कोण येणार? तरी मी तेव्हाच म्हणालो होतो, हा नाद सोडा."

"म्हणाला होतात ना! गोळीनं हा कॅन्सर बरा झाला तर मिशी उतरवीन, असंही म्हणाला होतात."

संचालकांचा हात आपसूक मिशीकडे गेला. "ते जाऊ द्या हो. शिपायाला कुलूप आणायला सांगतो."

"कशाला? माझ्याकडे आहे की!" बाईंनी पर्समधून पितळेचं जाडजूड कुलूप काढलं, दाराला लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

संचालक चाटच पडले. "म्हणजे वॉर्ड बंद होणार हे तुम्हाला आधीच कळलं होतं? कधी आणलंत हे?"

 

"नोकरीला लागले, त्या दिवशी."