एका टेबलावर दोन फायली

“डॉक्टरांचा रिपोर्ट नाही म्हणून कोर्ट हुकूम देत नाही. कोर्टाचा हुकूम नाही म्हणून डॉक्टर रिपोर्ट देत नाहीत. आणखी किती वेळा सांगू?” वनजाने हातातली छत्री टेबलावर आपटली.

कारकून अंबाजीरावांनी चष्मा वर सारला. “अय्यो अक्का, ओरडू नका. नवे साहेब आलेत. दोन्ही खात्यांचं आता तेच एकत्र बघणार.”

“मागचेही बघणारच होते.”

हयग्रीव तिचा धाकटा भाऊ. आई गेली आणि तो बोलेनासा झाला. एक दिवस मंडी मोहल्ल्यातल्या दिव्यांच्या दुकानाची काच त्याने दगडाने फोडली. बालन्यायालयाने त्याला तपासणीसाठी मनोरुग्णालयात पाठवलं. पंधरा दिवसांत परत येईल, असं कोर्टाची माणसं चामराजपुरमच्या घरी येऊन सांगून गेली होती.

नवे साहेब, अनंतकृष्ण, यांनी दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या. कव्हरं कोरी करकरीत. कव्हर फाटलं की अंबाजीराव नवं घालत आणि जुन्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवून काढत. त्यात एक चूक होती. मागे वनजाने ती दाखवली, तेव्हा फाईल दुरुस्तीला गेली ती दोन वर्षं परत आली नाही. या वेळी तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

साहेबांनी दोन्हीकडची सर्वांत वरची पत्रं वाचली. “म्हणजे हे दोघं नुसते एकमेकांच्या पत्राची वाट बघत बसलेत? इतकंच?”

“इतकंच,” वनजा म्हणाली.

साहेबांनी डॉक्टरांना फोन लावला. मग शिपायाला वर मॅजिस्ट्रेटकडे पिटाळलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हुकूम सहीसकट टेबलावर आला.

“डॉक्टर म्हणाले, तो केव्हाचा बरा आहे.”

“ठाऊक आहे मला. दर वेळी मलाही हेच सांगतात.”

साहेबांनी कव्हरावर बोट ठेवलं. “वय चौदा. आठवीत बसेल ना? शाळेला पत्र देतो. आणखी वर्ष वाया जायला नको.”

अंबाजीराव मान खाली घालून टाचण्या डबीत भरू लागले.

“द्या,” वनजा दातओठ खात म्हणाली. “तेही द्या. शिक्का मारून द्या.”

पत्रावर शिक्का बसला. साहेबांनी ड्रॉवरमधून चॉकलेट काढलं. “कुठे आहे आपला हयग्रीव?”

“व्हरांड्यात, बाकावर. वॉर्डातला माणूस घेऊन आलाय.”

साहेब दाराशी गेले. “बारो मरी, ये बाळा,” ते मायेने म्हणाले. “भिऊ नकोस.”

हयग्रीव उठला. त्याने नव्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, काठी भिंतीला टेकवली, पांढरे केस हाताने चापून बसवले आणि चॉकलेटसाठी दोन्ही हात पुढे केले.