करपलेलं पातेलं

तपासनीसांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातेलं काढलं आणि शेजारी शेजारी मांडलेल्या दोन डिशवॉशरांच्या मधे ठेवलं.

"ती माहितीपत्रकं ठेवा बाजूला," ते विक्रेत्याला म्हणाले. "हे पातेलं जे मशीन धुईल, ते आमचं."

सगळी नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेलेली. तोंडी हमीवर त्यांनी कधी काही घेतलं नाही. छत्री घ्यायची तरी दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागत. काल गॅसपाशी उभं राहून त्यांनी स्वतःच्या हाताने दूध करपवलं होतं. तळाला काळाकुट्ट थर बसेपर्यंत जागचे हलले नाहीत. सगळ्या घरात वास. बायको नाक दाबून फिरत होती.

त्याला कारण होतं. बायकोच्या बोटांना चिरा पडल्या होत्या आणि साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग तपासनीस भांडी घासू लागले. त्यांची पाठ वळली, की बायको तीच भांडी पुन्हा घासायची. चिरा भरायचं नाव घेईनात. मशीन घेऊ म्हटलं, तर म्हणाली, "मशीनला डोंबल कळतंय!" शेवटी पैज लागली. करपलेलं पातेलं निघालं तर मशीन घ्यायचं, आणि मग तिने भांड्यांना हात लावायचा नाही.

विक्रेत्याने कागद सोडवला. पातेलं इतकं लखलखत होतं, की तपासनीसांना त्यात स्वतःचं उघडं पडलेलं तोंड दिसलं.

"हे... हेच धुवायचंय का काका?"

तपासनीस सावकाश बायकोकडे वळले. ती छताचे पंखे बघत होती.

"अगं, हे काय?"

"मग काय, तसंच आणायचं चारचौघांत? लोक म्हणतील, यांच्या घरी कुणी भांडी घासतं की नाही!"

"पण घासलंस कधी?"

"तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा."

कागद मात्र पुन्हा जसाच्या तसा गुंडाळला होता, सुतळीची गाठसुद्धा त्यांच्यासारखीच. तपासनीसांनी तिच्या हाताकडे पाहिलं. तिने तो झटकन मागे नेला, पण बोटांवरच्या पट्ट्या भिजून लोळागोळा झालेल्या त्यांना दिसल्याच. त्यांना राग आला, आणि वाईटही वाटलं.

विक्रेता मोठा हुशार. "हात्तिच्या, एवढंच ना? आमच्या स्टाफची जेवणाची भांडी पडलीयेत मागे," असं म्हणत तो खरकट्या भांड्यांचा टब घेऊन आला. अर्धी या मशीनमध्ये, अर्धी त्या मशीनमध्ये.

बायको टबात डोकावली. "शी! अशी ठेवतात भांडी? थांबा, आधी जरा विसळून देते."

"अहो काकू, नको!"

"घासत नाही हो. नुसती पाण्यातून काढते."

तपासनीसांनी तिचं कोपर धरलं. दोन्ही मशीन सुरू झाली. त्यांनी आधी डाव्याला कान लावला, मग उजव्याला. डावं जरा गुरगुरत होतं, उजवं मुकाट्याने काम करत होतं. पण उजवं चांगलंच महाग होतं, आणि थोडं गुरगुरलं म्हणून काय बिघडलं, असं त्यांना वाटायला लागलं होतं. पाण्याचा पाइप कुठून येतो ते बघायला ते मागच्या बाजूला वाकले. तेवढ्यात खट् असा आवाज झाला.

वर येऊन पाहतात, तर डाव्या मशीनचं दार सताड उघडं, वाफ बाहेर येतेय आणि बायको कोपऱ्यातल्या बेसिनपाशी एक ताट नखाने खरवडतेय.

"हे बघा, कडेला तसंच राहिलंय!"

"काकू, अजून धुतंय ते!" विक्रेता कळवळून म्हणाला.

"मग इतका वेळ आत काय करत होतं?"

ताट नळाखाली धरून, चकचकीत करून तिने ते विक्रेत्याच्या हातात दिलं. मग ओल्या हातांनीच ती उजव्या मशीनकडे वळली. दार ओढलं. उघडेना. पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं.

"हे अडकलंय."

"अडकलं नाही काकू, कुलूप आहे त्याला. ते लावलं, की काम पुरं होईपर्यंत दार उघडत नाही. लहान मुलांसाठी केलेली सोय आहे."

"अगं बाई! मग आत काय चाललंय ते कळायचं कसं?"

"कळतच नाही," विक्रेता म्हणाला.

तपासनीसांनी मान वर केली. पुढे येऊन त्यांनी बायकोचे दोन्ही हात धरले, खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट टिपायला सुरुवात केली. ती हात सोडवायला बघत होती. "अहो, काय हे, लोक बघतायत!" त्यांनी सोडले नाहीत.

"घरात लहान मूल आहे का काका?" विक्रेत्याने विचारलं.

"आहे."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी," तपासनीस म्हणाले. "उजवं द्या."

बायकोची ओढाताण थांबली. हात आता तिने सैल सोडले होते. शेवटचं बोट पुसून होईपर्यंत ती त्या बंद दाराकडे बघत राहिली, आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"घरी आणल्यावर आतून एकदा पुसून तरी घेऊ द्या."