एकाच वर्गात

"आई, वर्गात मला हाक मारू नकोस हं," न्यू जर्सीतल्या कम्युनिटी कॉलेजच्या पार्किंगमध्ये निहारने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वैजयंतीने मान डोलावली. पन्नाशीतली आई आपल्याच वर्गात कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स शिकतेय, हे एकोणीस वर्षांच्या पोराला जड जाणारच. सेमिस्टरभर ती पुढच्या रांगेत एकटी बसली आणि तो मागे, मित्रांच्या घोळक्यात.

आज तिचं प्रेझेंटेशन होतं. एका मोफत दवाखान्यासाठी तिने पेशंटच्या नोंदींची सिस्टिम तयार केली होती. पहिली स्लाइड पडद्यावर आली आणि पाठ केलेलं सगळं इंग्रजी ती विसरून गेली. मागून कुणीतरी खुसखुसलं.

शिकवणाऱ्या ओकाफोर बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या भाषेत बोला. घाबरू नका."

वैजयंती मराठीत बोलू लागली. पेशंटने आपलं दुखणं एकदाच सांगायचं, मग ते डॉक्टरांना, नर्सला, औषधं देणाऱ्याला, सगळ्यांना दिसतं. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला. समोरचे चेहरे मात्र कोरेच होते.

तेवढ्यात निहार उठला आणि चालत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिने घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली. दिलेला शब्द तिला मोडायचा नव्हता.

"माझी आई म्हणतेय," तो इंग्रजीत साऱ्या वर्गाला म्हणाला, "की आजारी माणसाला आपलं दुखणं दारोदार सांगत फिरावं लागू नये." मग तो तिच्याकडे वळला.

"हं आई, पुढे सांग."