कोरी बाजू

१९८२ ची थंडी. संध्याकाळी सहा वाजता गोपीचंद नऊ वर्षांनी धाकट्या भावाच्या ओसरीवर चढला. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, तेव्हापासून त्याने या घरचं पाणीही सोडलं होतं. पण शिष्यवृत्तीवर एम.एस्सी.ला इंग्लंडात गेलेल्या ईश्वरचं, त्याच्या मुलाचं, तिथे मन लागेना. शिक्षण सोडून परत येतो म्हणत होता. ‘तुमचा आवाज तरी पाठवा,’ म्हणून त्याने कोरी कॅसेट धाडली, आणि आसगावात टेप होता एकट्या या धाकट्या कृष्णरावाकडे.

कृष्णरावाने रेकॉर्डचं बटण दाबलं. “बोल दादा.”

“पहिले तू बाहेर जाय.”

“घर माह्यं, टेप माहा. मी काहून जाऊ?”

“धुराही माहाच होता. तो कोरून खाताना लाज नाही वाटली?”

“मी खाल्ला? अन् माही धानाची बांधी गिळून ढेकर कोनं देल्ला?”

कॅसेट संपेपर्यंत दोघं थांबले नाहीत. दुसरी कॅसेट नव्हती. गोपीचंदाने तीच पोस्टात टाकली.

दोन महिन्यांनी ईश्वरची नवी कॅसेट आली. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून ती ऐकली.

“बाबा, काका, रोज जेवताना तुमची कॅसेट लावत होतो. घरीच जेवल्यावानी वाटे, अभ्यासही होऊन राहिला होता. पण परवा फीत तुटली. आता पुन्हा जीव लागत नाही. याची दुसरी बाजू कोरी हाये. तसंच भांडून पाठवा, नाहीतर मी निघतो.”

कृष्णरावाने कॅसेट उलटवून रेकॉर्डचं बटण दाबलं.



फीत अर्ध्यावर आली आहे. अजून कोणीच भांडायला सुरुवात केलेली नाही.