नऊ राजाछाप

आल्फ्रेडने चहाचे कप बाजूला सरकवले, टेबलावर हिरव्या मखमलीचा तुकडा अंथरला आणि त्यावर एकेक करून नऊ रुपये मांडले. जुने, राजाछाप, चांदीचे. परदेशातल्या ह्या व्हिटबी गावात ऑक्टोबरातलं ऊन मोजूनमापूनच घरात येतं, पण तेवढ्यावरही ते असे लखलखले की समोर बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने, रुथने, चष्मा काढून पुसला.

"आयचे," तो म्हणाला. "बॅकयार्डात सापडले. पेअरच्या झाडाखाली."

फ्लोरिनच्या हातातली किटली हवेतच राहिली. नवऱ्याने तिलाही सांगितलं नव्हतं. बायकोला आणि थोरल्या बहिणीला एका फटक्यात खूश करायचा बेत माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा करतो.

"मशीनला?" तिने विचारलं.

"मग! सोमवारी."

मशीन म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं मेटल डिटेक्टर, मुलीने रिटायरमेंटला दिलेलं. चार उन्हाळे तो ते घेऊन सरोवराच्या काठाने फिरला. जमा झालं ते एवढं: बिअरची झाकणं, कॅनच्या कड्या आणि एक वाकडा चमचा. लोखंडावर वाजू नये असं बटण त्यात होतं, ते त्याने पहिल्याच दिवशी दाबून ठेवलं. गंजकं उकरण्यात त्याला रस नव्हता.

फ्लोरिन खुर्चीत बसली. हसायचं की रडायचं हे तिच्या चेहऱ्याचं ठरत नव्हतं.

"रुथबाय, बघितलंत? छत्तीस वर्षं झाली. आयचे रुपये मी भावाच्या लग्नात मोडले, असं तुम्ही चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलंत. तेव्हापासून तुमच्याकडे येताना मी पर्स गाडीत ठेवून येते. बघा आता. आयनेच पुरले होते."

"आय कशाला पुरेल?"

"शेवटी शेवटी ती कवळी तांदळाच्या डब्यात लपवायची. माझं नावसुद्धा आठवत नव्हतं तिला," फ्लोरिन म्हणाली.

"तुझं नव्हतं आठवत. माझं आठवायचं," रुथ म्हणाली आणि तिने एक रुपया उचलला. तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेली बाई. तिने कडेवरून नख फिरवलं, रुपया नाकाशी नेला, मग खिडकीकडे धरला.

"छत्तीस वर्षं मातीत होते म्हणतोस?"

"हो."

"आणि एक डाग नाही?"

"अगं, मी घासले!" आल्फ्रेड खुलला. "नुसता काळा गोळा होता, एकमेकांना चिकटलेले. आधी सोडवले, मग बेसमेंटमध्ये पॉलिशचं बफिंग व्हील लावलं. दोन दिवस." कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी हयात गेलेली, खरबरीत पार्ट त्याच्या हातून कधी कुणाकडे गेला नव्हता. "शेजारच्या ऑशवाच्या नाणेवाल्याला दाखवले. भिंग लावून बघितलं त्याने आणि म्हणतो, ह्यांचं वय पुसलंस तू, आता नुसत्या चांदीच्या वजनाचे राहिले. हात लावू नको म्हणे, ह्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेव. येडा साला. घाणेरडे हवे होते त्याला!"

फ्लोरिन रुपयांकडे बघायची थांबली होती. ती आता रुथकडे बघत होती.

"कशात होते?" रुथने विचारलं.

"आयच्या तपकिरीच्या पत्र्याच्या डबीत."

"ती कुठंय?"

"गंजून सडली होती गं. हात लावला की पापुद्रे सुटायचे. टाकली."

"कुठं टाकली?"

"गार्बेजमध्ये." त्याचा आवाज थोडा उतरला. "बुधवारी गाडी येऊन गेली."

"फोटो?"

फोटो होते. त्याने घाईघाईने फोन काढून पुढे केला. चांगले अठरा होते, नऊ रुपयांच्या दोन्ही बाजू. सगळे घासल्यानंतरचे.

रुथने रुपया मखमलीवर ठेवला, इतरांच्या रांगेत नीट.

"अशी चांदी कपाटात राहते आल्फ्रेड. कापडात गुंडाळून ठेवली, वर्षातून एकदा पुसली, की अशी राहते." मग तिने फ्लोरिनच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला होता. "जाऊ दे गो. परत दिलेस ना? मी माफ केलं. आयनेही केलं असतं."

"मी घेतलेच नव्हते."

हे वाक्य तिने ह्याच टेबलाशी पूर्वी एकदा म्हटलं होतं, शब्दही तेच.

"रुथबाय, क्रूसाची शपथ," आल्फ्रेड उठून उभा राहिला. "माझ्या ह्या हातांनी मातीतून काढलेत मी. फ्लोरिनने बोटसुद्धा लावलेलं नाही."

"आज शपथ घेतोस?" रुथने मान वर केली. "तेव्हा आयने तुलाच विचारलं होतं, समोर बसवून. तू मान खाली घालून भात कालवत बसलास. तेव्हा घ्यायची होतीस. आम्ही मानली असती."

आल्फ्रेडने फ्लोरिनकडे बघितलं. ती रुपये पाकिटांत भरू लागली होती, कडेला धरून, नाणेवाल्याने सांगितलं असेल तसे. तिने वर बघितलं नाही. त्याने मागच्या दाराशी जाऊन बूट चढवले, मशीनचं ते लोखंडाचं बटण सोडलं आणि तो मशीन घेऊन बाहेर पडला.

चहा गार झाला होता. तरी फ्लोरिनने रुथच्या कपात ओतला.

बाहेर मशीन वाजलं. लगेच पुन्हा वाजलं. मग ते थांबेचना. फुटाफुटावर, प्रत्येक खिळ्यावर, कुंपणाच्या प्रत्येक तारेच्या तुकड्यावर ओरडू लागलं. आल्फ्रेड पेअरच्या झाडाखाली गुडघ्यांवर बसला होता आणि मातीचं ढेकूळ न् ढेकूळ बोटांनी फोडून बघत होता.

"आता आणखी काय शोधतोय हा?" रुथने विचारलं.

"गंज," फ्लोरिन म्हणाली.