अजून थोडं मागे

प्रवासात ओझं नको म्हणून आमच्या भावजींनी महिनाभर घरादाराचं डोकं खाल्लं आणि अखेर एकच लेन्स बरोबर घेतली. तिच्यात चेहरे सुरेख येतात, पण झूम नाही. दोन माणसं डोक्यापासून पायापर्यंत हवी असतील, तर फोटो काढणाऱ्याने चांगलं लांब जायचं.

"तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागे. या वेळी आपला दोघांचा एक तरी फोटो हवाय मला," ताईने निघतानाच बजावलं होतं.

शेवटच्या दिवशी, चौकातल्या कारंज्यापाशी, भावजींनी एका हसतमुख वाटसरूला गाठलं. कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि ताईच्या खांद्यावर हात टाकून ऐटीत उभे राहिले.

"थोडं मागे!" ते ओरडले. "अजून मागे! अहो, जा बिनधास्त!"

वाटसरू बिचारा शब्दाबाहेर नव्हता. मागे मागे जात त्याने रस्ता ओलांडला, समोरचा फुटपाथ गाठला आणि कोपऱ्यावरून गल्लीत वळला.

"अहो, तो दिसत नाहीये," ताई म्हणाली.

 

"हलू नकोस," चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून भावजी पुटपुटले, "माणसाला लेन्स कळते."